एक विजय आणि त्याची चौकशी

हरायला माणसाला फारसं काही करावं लागत नाही. हरल्याचा अहवाल लिहायला मात्र शिक्षण लागतं. अंबरीशचं हे शिक्षण हिंजवडीत झालं, पुरती नऊ वर्षं, जयप्रकाश सरांच्या हाताखाली. सर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, "अहवालात लाल रंग दाखवायचा नाही. लाल दिसला की मीटिंग लागते. मीटिंग लागली की लोक प्रश्न विचारतात." ही विद्या पुढे अमेरिकन फुटबॉलच्या कामी येईल, असं सरांनाही कधी वाटलं नसेल.

फ्लेव्हो हेरॉन्स हा आल्मेरेचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ. (नेदरलँड्समध्ये नुसतं फुटबॉल म्हटलं की दुसराच खेळ समजतात, आणि तो बघायला लोक जातात.) हेरॉन म्हणजे बगळा. पाण्यात तासन्‌तास निश्चल उभा राहणारा पक्षी क्लबाने बोधचिन्ह म्हणून का निवडला, याचा खुलासा पहिल्याच सामन्यात झाला. बगळा निदान शेवटी मासा तरी पकडतो, असं काही प्रेक्षकांचं म्हणणं पडलं. पण प्रेक्षकांचं म्हणणं नोंदवायला अहवालात रकाना नव्हता.

संघाचे मालक वाउटर. त्यांची पूर्वी ॲमस्टरडॅमच्या झुइडास या कचेऱ्यांच्या भागात सॉफ्टवेअर कंपनी होती. ती विकून त्यांनी संघ घेतला आणि येताना तिथे कामाला असलेल्या अंबरीशला 'कामगिरी व्यवस्थापक' म्हणून बरोबर आणलं. खेळाचे नियम त्याला माहीत नव्हते, त्यामुळे त्याची नजर निःपक्षपाती होती. त्याचा तिसरा तात्पुरता करार एकतीस ऑगस्टला संपणार होता. त्यानंतर एकतर कायमची नोकरी, नाहीतर नमस्कार. नमस्कार झाला तर तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, तीही नाही मिळाली तर देशात राहण्याचा परवाना जाणार, आणि बायको मृण्मयीही त्याच्याच परवान्यावर असल्यामुळे तिची झुइडासची चांगली चाललेली नोकरी त्याच पिशवीतून पुण्याला जाणार. अंबरीशला याची भीती वाटायची. सायकलवरून मैदानाकडे जाताना तर फारच वाटायची.

तेव्हा त्याने जे येत होतं ते केलं. अहवालाच्या साच्यातून लाल रंग काढूनच टाकला. हिरवा, पिवळा, गडद पिवळा आणि 'पिवळ्याकडे वाटचाल' असे चार रंग ठेवले. पहिला सामना संघ ३ विरुद्ध ४१ असा हरला. सोमवारच्या अहवालात नोंद झाली ती अशी:

गुणांची पायाभरणी: पूर्ण (३).
प्रतिस्पर्ध्याशी संवाद: सातत्यपूर्ण.
दुखापती: ४ (उद्दिष्टापेक्षा २ कमी).
प्रेक्षकांची शिस्त: उत्कृष्ट; निम्मे मध्यंतरालाच रांगेने बाहेर पडले.

वाउटर डच माणूस, आडपडदा नाही. कॉफी आणि एक बिस्किट (एकच) पुढे सरकवून त्यांनी विचारलं, "अंबरीश, आपण हरलो ना?"

"निकालाच्या अंगाने तसं म्हणता येईल," अंबरीश म्हणाला. "पण निकाल हा मागे बघणारा आकडा आहे. आपण पुढे बघतोय."

वाउटरना हे इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. गणपतीच्या तयारीसाठी उघडलेल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही अंबरीशचं कौतुक झालं. 'व्यावसायिक संघाच्या नेतृत्वात आपला माणूस' म्हणून एकवीस जणांनी हात जोडले. संघ जिंकला का, हे एकानेही विचारलं नाही. आपल्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या सामन्यानंतर सकाळची उभी बैठक सुरू झाली. पंचेचाळीस धिप्पाड खेळाडू गोलात उभे राहत आणि प्रत्येकजण तीन प्रश्नांची उत्तरं देई: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. पंचेचाळीस गुणिले तीन उत्तरं संपेपर्यंत सराव दोन तासांवरून पन्नास मिनिटांवर आला. सत्तावीस नंबरचा खेळाडू, अमेरिकेतून आलेला लांब हातांचा पोरगेला गडी, एकदा म्हणाला, "काल हरलो. आज सराव करायचाय. अडचण ही बैठक आहे." अंबरीशने ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्यावर 'विचाराधीन' या खणात लावलं. कोचने फळा उचलून बाहेर ठेवला, तेव्हा कोचसाठीही एक चिठ्ठी करण्यात आली, फळा परत आत आला आणि सामन्याच्या योजनाही त्यावरच लागू लागल्या.

आठ सामने झाले, आठही हरले. अहवाल आठवड्यागणिक सुधारत गेले. आणि नवव्या सामन्यात आक्रीत घडलं. अकरा सेकंद उरले होते, आल्मेरे १४, पाहुणे १७. फळ्यावरच्या योजनेप्रमाणे चेंडू डावीकडे जायचा होता. सत्तावीस नंबर उजवीकडे पळाला, चेंडू फेकणाऱ्यानेही त्याच्याकडेच फेकला, आणि त्याने तो दोन माणसांच्या डोक्यावरून उडी मारून रेषेपलीकडे धरला. त्याचे सहा गुण, म्हणजे २० विरुद्ध १७. हेरॉन्स जिंकले. प्रेक्षकांना काय करायचं ते कळेना. काहींनी सवयीने जाकिटं चढवली.

अंबरीश घरी आला तो चेहरा पाडून.

"जिंकलात म्हणे!" मृण्मयी म्हणाली. "मग असा काय बसलायस? पेढे नाहीत, पण शिरा करते पटकन."

"अगं, योजना सोडून जिंकले. फळ्यावर डावीकडे होतं."

"बरं मग?"

"फळ्याकडे न बघता हे लोक जिंकू शकतात, हे वाउटरच्या लक्षात आलं तर फळ्याच्या माणसाला कशाला ठेवतील?"

मृण्मयीने कढई खाली ठेवली. तिची नोकरीही त्या फळ्यावर होती. ती म्हणाली, "चौकशी लाव. तुमच्याकडे चूक झाली की लावतात ना? मग ही चूकच धर."

नवरा-बायकोत इतका एकोपा त्या हंगामात पहिल्यांदाच दिसला. सोमवारी 'अनियंत्रित यश' या शीर्षकाखाली चौदा पानी अहवाल गेला. त्यात 'का' हा प्रश्न शास्त्रोक्त पद्धतीने पाच वेळा विचारला होता आणि पाचव्या वेळी उत्तर आलं होतं: व्यक्तिगत कौशल्य. हा धोका पुन्हा उद्भवू नये म्हणून तीन उपाय सुचवले होते. ते तिन्ही सत्तावीस नंबरविषयी होते. त्याला योजनापालनाच्या प्रशिक्षणाला बसवलं, सामने चालू असतानाच. उरलेले तीन सामने संघ फळ्याबरहुकूम हरला.

हंगाम संपला. बारा सामने, एक विजय (तपासाअंती निकाली). वाउटरनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं की निकाल निराशाजनक आहेत आणि जबाबदारी ठरवावी लागेल. अहवालांमध्ये खेळाची जबाबदारी कोच आणि खेळाडूंकडे होती, आणि अहवालांची अंबरीशकडे. अहवाल बाराच्या बारा वेळेवर आले होते. कोच गेले, पंचेचाळीस खेळाडू गेले, आणि अंबरीशला कायम करण्यात आलं. त्याने मृण्मयीला फोन केला, दोघंही फोनवर रडली. खरंच रडली, तीन वर्षांची धास्ती होती ती.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस नंबर शिफारसपत्र मागायला आला. क्लबाचा करार संपल्यामुळे त्याच्याही परवान्याचे मोजकेच दिवस राहिले होते. जर्मनीतल्या एका संघाला पत्र मिळालं तर तो युरोपात राहू शकत होता.

"आनंदाने देतो," अंबरीश म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. त्याने फॉर्म उघडला. धावण्याचा वेग, उडीची उंची, बैठकीतली उपस्थिती, झोपेचे तास, सगळं त्याला पाठ होतं. पहिला रकाना नावाचा होता. अंबरीशची बोटं तिथेच थांबली. समोर माणूस उभा, आणि त्याला विचारायची चोरी. त्याला लाज वाटली, कानापर्यंत वाटली. मग त्याने 'खेळाडू क्र. २७' असं टाईप केलं, सही केली आणि त्याचा हात दाबून शुभेच्छा दिल्या.

जर्मनीतल्या संघाने पत्र परत पाठवलं. या नावाचा माणूस आढळत नाही, असा शेरा होता.

अंबरीशला नावं ठेवण्याआधी वाचकांनी एक करावं. तुम्ही त्याच्याबरोबर बारा सामने काढलेत, त्याच्या कराराची तारीख लक्षात ठेवलीत, नोकरी कायम झाली तेव्हा सुटकेचा श्वासही टाकलात. उडी मारून चेंडू धरणाऱ्याचं नाव काय, हे तुम्हीही एकदासुद्धा विचारलं नाहीत. आल्मेरेत नव्या हंगामासाठी सहायक कामगिरी व्यवस्थापकाच्या दोन जागा भरायच्या आहेत. तुमचा अनुभव पुरेसा आहे, अर्ज करावा.