सासूबाईंची लस आणि गरीब शेळी

बसा असे. जावयानं सासूची लस कशी बुडवायला काढली ते सांगतो, मध्ये तेवढं बोलायचं नाही.

सासूबाई जनावरांच्या डॉक्टर. शेळ्यांना एक जीवघेणा ताप येतो, त्यावर अर्धं आयुष्य घालून त्यांनी लस काढली. तीन वर्षांपूर्वी कळपाला टोचली आणि आता बघायचं होतं, तिचा जोर अंगात अजून टिकलाय का. टिकला असेल तर लस बाजारात, नाहीतर कचऱ्यात. नेमका बाईंचा मदतनीस आजारी पडला आणि रक्त काढायचं काम जावयावर आलं. जावई अंगानं पैलवान, काळजानं उंदीर. दवाखान्यात माणसांचं रक्त काढायचा, हात हलका. पण माणूस रक्त देताना तोंड फिरवतो, शेळी शिंगं फिरवते.

सुई दिसली मात्र, कळप उधळला. एकीनं जावयाला पाण्याच्या टाकीत बसवलं. दुसरी सासूबाईंच्या गाडीच्या टपावर चढली, तिच्यामागं निम्मा कळप चढला आणि टप खाली बसला. शेळपट हा शब्द ज्यानं काढला त्याला शेळी भेटलेली नसणार. कोपऱ्यात एक पांढरी तेवढी रवंथ करत उभी होती. जावयानं भीत भीत तिला सुई लावली, तर तिनं नुसता कान हलवला. मग काय, शेळी ती शेळी, रक्त ते रक्त. सगळ्या नळ्या तिच्याच रक्तानं भरल्या.

निकाल आला. एकाही नळीत लशीचा मागमूस नाही.

सासूबाई रडल्या नाहीत, की चिडल्या नाहीत. उद्या फोन करून काम बंद करायला सांगते म्हणाल्या आणि कपाट आवरायला लागल्या. आई सकाळपासून जेवली नाही असं बायकोनं सांगितलं, तेव्हा जावयानं ताट बाजूला सारलं. उठला, सासूबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, ते सगळं रक्त एकाच शेळीचं आहे."

"कुठल्या?"

"ती पांढरी. फार गरीब आहे हो."

"गरीब असणारच, जावईबापू. तुलनेसाठी आणलीय तिला, परवाच. जन्मात सुई लागली नव्हती. बाकीच्या शेळ्या ती सुई तीन वर्षांतही विसरलेल्या नाहीत."

आता आपलं काही खरं नाही म्हणून त्यानं डोळे मिटले, तर बाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. लगेच बूट चढवून जावयाला गोठ्यात घेऊन गेल्या. त्यानं धरायचं, त्यांनी काढायचं. यावेळी टपावर सगळ्यात आधी पांढरी चढली.

लशीचा जोर निघाला जसाच्या तसा. पण आता वरून हुकूम आलाय: जोर उतरेपर्यंत दर सहा महिन्यांनी रक्त काढा. सासूबाई जावयाशिवाय दुसऱ्याला बोलवायला तयार नाहीत. लस जितकी चांगली, तितके याचे हाल. तिचा जोर लवकर उतरावा म्हणून झुरणारा जगात हा एकटाच.

तर रविवारी मोकळे असाल तर या बरं का. शिंगांकडची बाजू जावई सांभाळतो, मागचे पाय धरायला माणूस पाहिजे.