मान झिवकोची, मान दुआर्तेचा

पैज लागली ती ग्रीसमधल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात, आणि तीही करपलेल्या भातावरून. भात दुआर्तेचा. तो चुलीवर ठेवून साहेब पोर्तुगालमधल्या आईशी फोनवर गप्पा मारत बसले. धूर बघून सफाईवाल्या बाई धावत आल्या आणि ग्रीकमध्ये चांगली पाच मिनिटं बोलल्या. तिथे हजर होता एकटा झिवको. तो प्रत्येक वाक्यानंतर अदबीने ‘एफखारिस्तो’ म्हणत राहिला.

“ती शिव्या घालत होती,” बाई गेल्यावर फोन घेऊन दारातून आत येत दुआर्ते म्हणाला, “आणि तू तिला धन्यवाद देत होतास.”

“निदान बोललो तरी. तुला चार महिन्यांत तेवढंही आलं नाही.”

“मला येत नाही हे मी कबूल करतो रे. तू येतंय म्हणून गावभर मिरवतोस.”

तिघांच्या खोल्या एकमेकींना लागून. झिवको बल्गेरियातल्या प्लोवदिवचा, दुआर्ते पोर्तुगालमधल्या ब्रागाचा, आणि मधल्या खोलीत पोलंडमधल्या लुब्लिनची यागोदा. यागोदा ग्रीक भाषाच शिकायला आलेली, त्यामुळे या दोघांच्या भांडणात तिला आपोआप न्यायाधीशाची खुर्ची मिळायची. नाताळच्या सुट्टीत तिघंही घरी गेले नव्हते. शनिवार-रविवार समुद्रकाठच्या व्होलोसला जाऊन यायचं ठरलं होतं.

झिवकोला दुआर्तेचं बोलणं झोंबलं. “व्होलोसला बसमधून पाय खाली ठेवला की रविवारी दुपारी बारापर्यंत मी फक्त ग्रीक बोलणार. दुसऱ्या भाषेतला एक शब्द जरी तोंडातून निघाला तरी हरलो.”

“आणि हरलास तर?”

“तूच सांग.”

दुआर्तेने करपलेल्या पातेल्याकडे बघत विचार केला. “हरलेल्याने जिंकलेल्याला पाठुंगळी घेऊन समुद्राच्या धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. रविवारी, भर गर्दीत.”

यागोदाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दुआर्ते अठ्ठ्याण्णव किलो. झिवको हिवाळी कोट घालून, खिशात चाव्या टाकून अठ्ठावन्न. “झिवको, नीट विचार केलास ना?”

“केला,” झिवको म्हणाला. केला नव्हता.

आता झिवकोच्या मानेबद्दल सांगणं भाग आहे. बल्गेरियातला माणूस ‘नाही’ म्हणताना ‘ने’ म्हणतो आणि मान वरखाली हलवतो. ‘हो’ म्हणायचं असलं की मान आडवी हलवतो. ग्रीसमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’. वरखाली मान म्हणजेही ‘हो’, आणि आडवी मान म्हणजे ‘नाही’. थोडक्यात, झिवकोने अगदी पोटातून नकार दिला की समोरच्या ग्रीक माणसाला घसघशीत दुहेरी होकार मिळतो. झिवकोला हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पण वही बॅगेत असते आणि मान कायम अंगावर. घाईगर्दीत जी हाताशी असते तीच कामाला येते.

व्होलोसमध्ये ते उतरले बार्बा स्तेर्योसच्या घरी. बार्बा म्हणजे काका. वर चार खोल्या, खाली त्याचीच खाणावळ. बार्बा साठीचा, आवाज भोंग्यासारखा, आणि पाहुणा उपाशी राहिला तर आपली अब्रू जाईल अशी धास्ती बाळगणारा. व्होलोसात दारूची छोटी बाटली मागवली की सोबत एक बशी न मागता येते. बशीत काय असेल ते मालकाच्या मर्जीवर. शनिवारी दुपारी बार्बाची मर्जी ऑक्टोपसवर बसली होती.

झिवकोला ऑक्टोपस बघूनच कसंतरी व्हायचं. ते गोल गोल चोषक बघितले की त्याला आजीच्या मोरीतली रबरी झाकणं आठवायची. पैजेच्या इभ्रतीखातर त्याने एक तुकडा डोळे मिटून गिळला.

“आणखी आणू, पोरा?” बार्बाने विचारलं.

“ने,” झिवको घाबरून म्हणाला आणि मान जोरात वरखाली हलवली.

दुसरी बशी आली. ती यागोदाने संपवली. बार्बाने पुन्हा विचारलं, झिवकोने पुन्हा कळकळीने ‘ने’ म्हटलं, तिसरी आली. तेव्हा कुठे झिवकोच्या डोक्यात वही उघडली. ग्रीक ‘नाही’ म्हणजे ‘ओही’. चौथ्या बशीच्या वेळी त्याने शब्द बरोबर पकडला. “ओही,” तो ठणकावून म्हणाला. मान मात्र बल्गेरियातच राहिली होती. ती वरखाली, वरखाली.

बार्बाने आत बायकोला हाक मारली. “एवांथिया, हा बघ किती गुणी पोरगा. तोंडाने नको म्हणतोय, मान हो म्हणतेय. लाजतोय बिचारा. मोठी बशी आण.”

दुआर्ते टेबलावर कपाळ टेकून हसत होता. त्याला भाषेतलं काही कळत नव्हतं, पण बशा मोजता येत होत्या.

इथवर ठीक होतं. ऑक्टोपसने कुणी मरत नाही. पण जेवण आटोपल्यावर बार्बा हात पुसत आला, तो एक वही आणि कानावर पेन्सिल घेऊन. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सहा जानेवारी होती. त्या दिवशी धर्मगुरू धक्क्यावरून समुद्रात लाकडी क्रूस फेकतात आणि तरुण पोरं तो काढायला उड्या मारतात. ज्याला मिळेल त्याचं वर्ष सोन्याचं. झिवकोला हे नवं नव्हतं. त्याच्या गावीही नदीत हेच चालायचं, आणि तो दरवर्षी तीन स्वेटर घालून पुलावरून बघायचा.

“तू बल्गेरियाचा ना? म्हणजे आपल्याच पंथाचा,” बार्बा म्हणाला. “आमच्या आळीतली पोरं सगळी अथेन्सला पळाली. यंदा दोनच उरलेत. तू मारशील का उडी?”

झिवकोच्या डोळ्यांसमोर जानेवारीतला समुद्र आला. “ने,” तो ओरडलाच. “ने, ने, ने.” आणि मान अशी हलवली की टोपी पडली.

बार्बाने नाव लिहून घेतलं. “थंडीला घाबरतोस?”

घाबरतोच तो. खोटं कशाला बोला? झिवकोने मान आडवी हलवली, डावीकडून उजवीकडे, दोनदा.

“नाही घाबरत,” बार्बा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. मग त्याने झिवकोचे दोन्ही गाल धरून त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि शेजारच्या दुकानदाराला ही बातमी सांगायला गेला. मराठीत एखाद्याला ‘ने’ म्हटलं तर तो उचलून नेणार. व्होलोसमध्येही त्याहून वेगळं काही घडत नव्हतं.

काय झालं ते यागोदाने दुआर्तेला समजावून सांगितलं. ऐकता ऐकता दुआर्तेचं हसू मावळलं आणि त्याजागी वकिलाचा चेहरा आला.

“म्हणजे हा ‘नाही’ म्हणत होता?”

“हो.”

“बल्गेरियनमध्ये?”

दुआर्ते खुर्ची ओढून झिवकोसमोर बसला. “हे बघ मित्रा, तुझ्यावर जबरदस्ती नाही. तू मघाशी जे ‘ने’ म्हणालास ते कोणत्या भाषेतलं, एवढंच सांग. बल्गेरियन असेल तर उद्या समुद्रात जायची गरज नाही. यागोदा बार्बाला समजावेल. पण मग तू हरलास, आणि मी जरा भरपूर जेवून घेतो. आणि ग्रीक असेल तर तू उडी मारायला तयार आहेस.”

झिवकोने यागोदाकडे पाहिलं. यागोदा म्हणाली, “माझ्याकडे बघू नकोस. मुद्दा बिनतोड आहे.”

एका बाजूला बर्फासारखा समुद्र, दुसऱ्या बाजूला भर बाजारात अठ्ठ्याण्णव किलो. वर हे लोढणं आयुष्यभर ‘एफखारिस्तो’ म्हणून चिडवणार ते वेगळंच.

“एलिनिका,” झिवको शेवटी म्हणाला. म्हणजे ग्रीक.

रविवारी सकाळी एवांथियाबाई नवऱ्याची जुनी पोहायची चड्डी इस्त्री करून घेऊन आल्या. कमरेला नाडी होती आणि ती झिवकोभोवती दोनदा फिरली. झिवको पांघरुणात तोंड खुपसून खोकत पडला होता. ही युक्ती त्याने पहाटेपासून घोकली होती.

“आजारी आहेस का, बाळा?” बाईंनी काळजीने विचारलं.

‘हो’ म्हणायचं होतं. त्याने केविलवाणा चेहरा करून मान आडवी हलवली.

“आजारी नाही,” बाईंनी जिन्यावरून खाली ओरडून सांगितलं. “नुसता घसा साफ करतोय.”

धक्क्यावर सगळं व्होलोस लोटलं होतं. बँड वाजत होता, धर्मगुरू तुळशीची जुडी पाण्यात बुडवून गर्दीवर शिंपडत होते. एका ओळीत उघडी पोरं उभी होती, आणि शेवटी झिवको, निळसर, दोन्ही हातांनी चड्डी धरून. त्याच्या उजवीकडे यागोदा, पंच म्हणून, हातात घड्याळ. डावीकडे दुआर्ते पार काठावर ओणवा झालेला, हाताची कानाला वाटी करून. माणूस अशा पाण्यात पडला की आईच्या भाषेत ओरडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

क्रूस उडाला. पोरं झेपावली. झिवको जागचा हलला नाही.

“जातोस ना रे, पोरा?” मागून बार्बाने प्रेमाने विचारलं.

“ने,” झिवको दीनवाणा म्हणाला, आणि बार्बाने त्याला हातभार लावला.

पाण्यात काय झालं ते झिवकोला नीट सांगता येत नाही. छातीतून एक मोठी बल्गेरियन हाक निघाली होती, ‘माइको’, म्हणजे ‘आई गं’. ती गळ्यापर्यंत आलीसुद्धा. त्याने दात आवळले आणि तोंडभर खाऱ्या पाण्याबरोबर ती परत गिळली. डोकं वर आलं तेव्हा दुआर्तेचा कान बरोबर त्याच्यासमोर होता.

“क्रियो,” झिवको कानात म्हणाला.

“म्हणजे?” दुआर्तेने वळून विचारलं.

“थंड,” यागोदा म्हणाली. “शुद्ध ग्रीक.”

क्रूस पलीकडच्या आळीतल्या एका लोहाराच्या मुलाला मिळाला. त्याचं झिवकोला काही नव्हतं. तो पायऱ्यांवर घोंगडीत बसून दात वाजवत यागोदाच्या मनगटावरचा काटा बघत होता. बारा वाजले.

“जिंकलास,” यागोदा म्हणाली.

दुआर्ते माणूस दिलदार. त्याने कुरकुर केली नाही. कोट काढून तिला दिला, खाली वाकला, आणि घोंगडीसकट थबथबलेला झिवको पाठीवर घेतला. गार पाणी त्याच्या मानेवरून सरळ कमरेत उतरलं. चार पावलांत त्याचेही ओठ निळे झाले. झिवको वरून हसत होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

धक्क्याच्या कडेने माणसंच माणसं. दहा पावलं झाली असतील, तेवढ्यात काळ्या शालीतली एक म्हातारी आडवी आली. दुआर्तेच्या ओल्या शर्टाकडे पाहिलं, पाठीवरच्या हडकुळ्या पोराकडे पाहिलं, आणि छातीवर हात ठेवला.

“पाण्यातून यानेच काढलं का रे तुला, बाळा?” तिने झिवकोला विचारलं. “यानेच जीव वाचवला?”

बारा वाजून गेले होते. आता झिवकोला हवी ती भाषा बोलायला मोकळीक होती. दोन दिवस कोंडलेलं सगळं बल्गेरियन एकदम उसळून आलं.

“ने,” तो जीव तोडून म्हणाला. “ने, ने, ने.” आणि दुआर्तेच्या डोक्यावर हनुवटी आपटेल इतक्या जोरात त्याने मान वरखाली हलवली.

म्हातारीने दुआर्तेचा हात धरून कपाळाला लावला. मग मागे वळून तिने ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगितली. टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी दुआर्तेच्या तोंडात मधातली पुरी कोंबली, कुणी दारूचा पेला ओठाला लावला, बँडवाल्यांनी त्याच्यासाठी एक तुकडा वाजवला. धर्मगुरू स्वतः पुढे आले आणि तुळशीची जुडी त्याच्या डोक्यावर तीनदा झटकली. प्रत्येकजण जाता जाता झिवकोला विचारत होता, हाच ना तो? आणि झिवको प्रत्येकाला घसा फुटेस्तोवर ‘ने’ म्हणत होता.

“काय म्हणतायत गं हे लोक?” दुआर्तेने पुरी चावत यागोदाला विचारलं.

यागोदाने सांगितलं.

धक्क्याचं टोक आलं. ठरल्याप्रमाणे इथे उतरवायचं होतं. झिवकोने पाय खाली सोडले. दुआर्तेने ते काखेत पुन्हा घट्ट धरले, त्याला एक झोका देऊन नीट वर सरकवलं आणि गर्दीकडे तोंड करून आल्या वाटेने परत निघाला.