खटक्याची वही

भाड्याच्या नव्या घरात येऊन तिसराच दिवस होता. बायको इस्त्री करत होती, नवरा चहा गाळत होता, आणि स्वयंपाकघराच्या दारावरच्या विजेच्या पेटीत ‘खट्’ असा आवाज झाला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला.

“काय लावलंत तुम्ही?” बायकोने बाहेरून विचारलं.

“मी? मी फक्त चहा गाळत होतो.”

“मग गाळताना काहीतरी केलं असेल.”

नवऱ्याला ते शक्य वाटलं. तो एका ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करायचा. कुठेही काही बिघडलं की त्यात आपला थोडा हात असणार, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. तो स्टूल शोधत होता तेवढ्यात दारावर टकटक झाली. समोरच्या घरातल्या मावशी होत्या.

“म्हटलं, नवीन बिऱ्हाड आलंय, काही हवं-नको बघावं. अगोबाई, लाइट गेले वाटतं तुमचे? आमच्याकडे आहेत.”

मावशींनी पेटी उघडून कुठला खटका वर करायचा ते दाखवलं आणि घर पुन्हा सुरू झालं. “देवासारख्या धावून आल्या,” नवरा नंतर म्हणाला. त्याला खरंच गहिवरून आलं होतं.

त्यानंतर खटका वरचेवर पडू लागला. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस अजिबात नाही. नवऱ्याने एक वही घातली. तिच्यात त्याने रकाने आखले: तारीख, वेळ, त्या वेळी काय काय चालू होतं, संशय कोणावर. शेवटचा रकाना शेऱ्याचा. कृतघ्नपणा त्याच्या स्वभावात नव्हता, म्हणून मदतीला कोण आलं हे तो शेऱ्यात आवर्जून लिही. ‘मावशी लगेच आल्या.’ ‘गॅसवाला नेमका त्याच वेळी आला, त्याने स्टूल धरलं.’ ‘कुरिअरवाला आला, बिचारा अर्ध्या उजेडात सही घेऊन गेला.’ ‘पुन्हा मावशी. त्यांना कसं कळतं?’

मावशींनाही आपल्याला कळतं असं हळूहळू वाटू लागलं होतं. “मला आतूनच होतं बघा,” त्या म्हणत. “बसल्या जागी वाटतं, जाऊन यावं. आणि यावं तर तुमचे लाइट गेलेले!”

संशयितांची संख्या वाढत गेली. इस्त्री निर्दोष सुटली, कारण ती दुरुस्तीला गेलेली असतानाही खटका पडला. मिक्सरवर बरेच दिवस पाळत होती. शेवटी वायरमनला बोलावलं. तो आला तेव्हा खटका पडलेलाच होता.

“बघा!” वायरमन खूश होऊन म्हणाला. “फॉल्ट म्हणजे दातदुखी हो. डॉक्टरकडे गेलं की थांबते. पण तुमचं नशीब बघा, मी आलो तेव्हा बरोब्बर गेलेला आहे.” त्याने खटका वर केला, टेस्टर चार ठिकाणी लावला आणि निकाल दिला, “लोड.”

“पण तेव्हा फक्त एक पंखा चालू होता,” नवरा वही बघत म्हणाला.

“मग आधीचा लोड असेल. आणि हो, बेल पण वाजत नाही तुमची.”

“ती आम्ही आलो तेव्हापासून बंदच आहे.”

“बघू कधीतरी,” असं म्हणून वायरमन गेला.

घरमालकांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “आधीचे भाडेकरू सहा वर्षं राहिले. एकदासुद्धा खटका पडला नाही. तुम्ही काही विशेष वापरता का घरात?”

नवऱ्याने विचार केला. “पुस्तकं आहेत बरीच.”

“जपून वापरा,” मालक म्हणाले.

हे सगळं एक वेळ चाललंही असतं. पण गुरुवारी सकाळी अकरा वाजता बायकोची मुलाखत होती. सामान घरपोच करणाऱ्या एका कंपनीला तक्रार विभागासाठी प्रमुख हवी होती. काम घरून, आणि मुलाखत लॅपटॉपवर. आठ वर्षं ती दोन बस बदलून दुसऱ्या एका कंपनीत लोकांच्या शिव्या ऐकायला जात होती. त्याच शिव्या घरी बसून ऐकता आल्या तर तिचे रोजचे तीन तास वाचणार होते. मोबाइलची रेंज घरात फक्त गॅलरीच्या एका कोपऱ्यात मिळे, तीही बोलण्यापुरती. सगळी भिस्त वायफायच्या डबीवर, आणि डबीची भिस्त खटक्यावर.

“अहो, गुरुवारी एक तास. बास. मला आयुष्यात दुसरं काही नको,” ती म्हणाली.

“तू काळजी करू नकोस. मी बंदोबस्त करतो.”

आणि खरोखरच त्याने केला. बुधवारी रात्रीच फ्रीज रिकामा केला. गुरुवारी सकाळी घरातला प्रत्येक प्लग काढला, फक्त वायफायची डबी तेवढी राहिली. लॅपटॉप चार्ज होऊन बसला होता. शिवाय वायरमनला सांगून ठेवलं, “अकराच्या सुमाराला याच.” मावशींना सांगितलं, “तुम्हाला आतून वाटलं की लगेच या.” मावशी म्हणाल्या, “हे काय सांगणं झालं?” अकराला पाच कमी असताना नवरा पेटीखाली स्टुलावर बसला.

मुलाखत छान सुरू झाली. पलीकडे तीन माणसं होती आणि तिघंही माना डोलावत होती. अकरा वाजून सहा मिनिटांनी त्यातल्या मधल्या साहेबांनी विचारलं, “समजा, एक ग्राहक भयंकर चिडलाय. तुम्ही त्याला...”

खट्.

नवऱ्याने झडप घालून खटका वर केला. पण वायफायची डबी पुन्हा हिरवी व्हायला तीन मिनिटं घेत असे. दारावर टकटक झाली.

“देवासारखे आलात!” नवरा दार उघडत कुजबुजला. “हा आत्ता, या क्षणी गेला!”

“म्हटलं ना, माझी वेळ चुकत नाही,” वायरमन म्हणाला. त्याने पेटीकडे गंभीरपणे पाहिलं. “मी खाली मीटर बघून येतो.” तो गेला, नवऱ्याने दार लावलं. डबी हिरवी झाली. तिन्ही माणसं पडद्यावर परत आली. साहेबांनी “हां, तर तो चिडलेला ग्राहक...” एवढं म्हटलं.

खट्.

टकटक. दारात मावशी. “मला आतून वाटलं!”

“कसं कळतं हो तुम्हाला!” नवरा हात जोडत म्हणाला.

पुन्हा तीन मिनिटं. पुन्हा हिरवा दिवा. साहेबांनी तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा खट् झालं. या वेळी नवऱ्याच्या आधी बायको उठली. तिने जाऊन दार उघडलं. मीटर बघून परत आलेला वायरमन बाहेर उभा होता आणि त्याचं बोट सवयीने अजून बंद बेलच्या बटणावर होतं.

“बोट काढा,” बायको म्हणाली. “अहो, खटका वर करा. केला? आता दाबा.”

खट्.

मग वायरमनने बटणाचं झाकण उघडून पाहिलं. “पाणी गेलंय आत. वायर कुजलीय. दाबलं की...”

“आणि आधीचे भाडेकरू सहा वर्षं?” नवऱ्याने क्षीणपणे विचारलं.

“त्यांच्याकडे कोण जायचं?” मावशी म्हणाल्या. “एक नंबरचा भांडकुदळ माणूस!”

बायकोने वही घेतली आणि शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. तो वाचून झाल्यावर वायरमन मीटरकडे आणि मावशी आपल्या घराकडे निघून गेल्या. दोघांनाही अचानक काम आठवलं होतं. अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

“महिनाभर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिताय,” बायको हळू आवाजात सुरू झाली आणि तो आवाज चढत गेला, “की लाइट जातात आणि माणूस येतो. एकदाही डोक्यात आलं नाही? आणि आज मुद्दाम सगळ्यांना बोलावून ठेवलंत? नेमके अकराला? तुम्हाला काही अक्कल...”

गॅलरीत मोबाइल वाजला.

“हॅलो?” बायकोचा आवाज एका श्वासात मऊ झाला. “हो सर, मीच बोलतेय.”

साहेबांचा आवाज इतका मोठा होता की मागे उभ्या नवऱ्यालाही सगळं ऐकू येत होतं. “मॅडम, माफ करा. आमच्याकडचं नेट सकाळपासून गंडलंय. तुमच्या वेळेला तर तीनदा तुटलं. अगदी लाज वाटली आम्हाला. आधीचे उमेदवार तर आमच्यावरच ओरडले. तुम्ही मात्र शांतपणे वाट बघत राहिलात.”

आपल्या चुकीसाठी दुसऱ्या कोणी माफी मागितलेली नवऱ्याला सहन होत नसे. “साहेब, खरं म्हणजे ते आमच्या...” त्याने सुरुवात केली. बायकोने मागे न बघता त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“अहो सर, असू द्या,” ती मायेने म्हणाली. “विजेचं, नेटचं हे असंच असतं. यात कोणाचीच चूक नसते. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका.”

गेली पंधरा मिनिटं नवऱ्याला हीच तीन वाक्यं ऐकायची होती. ती एका अनोळखी माणसाला मिळाली.

“चिडलेल्या माणसाला कसं शांत कराल, ते विचारायचं राहिलं होतं,” साहेब म्हणाले. “आता नाही विचारत. एक तारखेपासून जमेल?”

जमेल, असं बायको म्हणाली. तिने पुन्हा पुन्हा आभार मानले, फोन ठेवला, डोळे पुसले आणि वळली.

“हं,” ती म्हणाली. “कुठपर्यंत आले होते मी?”

नवऱ्याने आठवून पाहिलं. नोंदींच्या बाबतीत तो कधीच चुकत नसे.

“‘तुम्हाला काही अक्कल’पर्यंत,” त्याने सांगितलं.