आजेलीची डाव्या पायाची सँडल

सोवाने बायकोसाठी शवपेटी करून घेतली आणि बायको मेली नाही. सगळं तिथेच बिघडलं.

डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा तो रडत रडत आडोते सुताराकडे गेला होता. त्यांच्या तेशी गावात माणूस ज्यात रमला, त्याच आकाराच्या पेटीतून जातो. कोळी माशातून जातो, शेतकरी मक्याच्या कणसातून. आजेलीचा सगळा जीव चपलांत. म्हणून आडोतेने लाल रंगाची, उंच टाचेची, पुढून उघडी अशी भलीमोठी सँडल केली. सँडल घरी आली त्याच आठवड्यात आजेलीही इस्पितळातून आपल्या पायांनी चालत आली. एकाच्या नावाने केलेली पेटी सुतार परत घेत नाही.

"अगं बाई, किती गोड!" म्हणत तिने ती बैठकीच्या खोलीत मांडून टाकली.

त्या खोलीत आधीच काही कमी नव्हतं. गमबुटात मिरचीचं रोप, चपलेच्या आकाराचं घड्याळ, पडदे बांधायला बुटांच्या नाड्या. खुद्द आजेलीच्या एका पायात पिवळी चप्पल असायची आणि दुसऱ्यात निळी. आता सँडलमध्ये उशा आल्या. दुपारी ती त्यात पाय पसरून शेंगदाणे खायची. सोवा मात्र भिंतीकडे तोंड करून जेवायचा. सँडलकडे नजर गेली की त्याला इस्पितळातली खाट दिसायची. पण आजेली इतक्या दिवसांनी हसत होती, तिला हे सांगणार कोण?

सांगायला सोवाचा थोरला भाऊ लार्टे आला. हा घराण्याचा कर्ता, जकात खात्यातून निवृत्त झालेला. पायात सदा चकाकणारे काळे बूट. गावातल्या प्रत्येक मयताला पुढच्या रांगेत मधली खुर्ची याची.

"बैठकीत शवपेटी? शनिवारच्या आत बाहेर काढा. मरणाला काय आवतण देताय?"

"मरण येऊन गेलं, भाऊजी," आजेली म्हणाली. "बसायला जागा दिसली नाही, गेलं परत."

"सोवा, बघ तुझी बायको कशी बोलते! आणि तुम्हाला फसवलंय त्या आडोतेने. ही तिला आखूड आहे."

"मुळीच नाही. मी रोज झोपते की त्यात."

"झाकण लावून झोपतेस? तुझी उंची माझ्याएवढी. थांब, दाखवतोच."

लार्टे बुटांसकट आत आडवा झाला. "लाव रे झाकण. बूट अडतात की नाही बघ."

बूट अडले नाहीत. पुढच्या उघड्या भागातून त्यांची टोकं तेवढी बाहेर आली. झाकण मात्र समुद्राच्या दमट हवेने फुगलेलं. बसलं ते बसलंच. सोवाने ओढलं, आजेलीने ओढलं, शेवटी सोवाने हातोडी आणली.

"हातोडी लावलीत तर याद राखा!" आजेली सँडलच्या आडवी उभी राहिली. "रंग उडेल. आडोतेच उघडेल."

"मग न्या आडोतेकडे!" आतून आवाज आला. "पण गल्लीत कुणाला कळता कामा नये!"

त्यांनी वरून काळं कापड घातलं आणि किनाऱ्यावरून चार दांडगे गडी बोलावले. दादाची आज्ञा म्हणून सोवा त्यांना काही बोलला नाही. गड्यांनीही विचारलं नाही. पेटी, काळं कापड, बाहेर आलेले बूट. अजून काय विचारायचं? त्यांनी पेटी खांद्यावर घेतली आणि रीतीप्रमाणे झोकांड्या खात निघाले. कुणीतरी ढोल आणला. लार्टे आतून डावीकडे लाथ मारायचा, गडी डावीकडे झुकायचे. मेलेला माणूस पेटी हवी तिकडे ओढतो, अशी तिथली समजूत.

"ओढतोय बघ," लोक म्हणाले. "मेल्यावरही हुकूम सोडत नाही."

"कोण गेलं?"

"लार्टे. बूट बघ की."

"हो का? बरं. मासे तळून झाले का गं?"

"माझ्या बापाच्या मयताला हा जेवणावरून भांडला होता."

"चला, मधली खुर्ची मोकळी झाली!"

आतल्या लाथा हळूहळू मंदावल्या आणि मग थांबल्या. सगळ्या गल्लीत रडत होती एकटी आजेली. अरुंद बोळात सँडलची टाच भिंतीला घासली की तिचा हुंदका फुटायचा.

आडोतेने पटाशी घालून झाकण उचकटलं. लार्टे उठून बसला आणि गडी पळाले, ढोलवाला ढोल टाकून पळाला. तो मात्र तसाच बसून राहिला. आता आपली धडगत नाही म्हणून सोवा खाली मान घालून उभा होता.

"सगळ्या गल्लीत एकटी तू रडलीस," लार्टे आजेलीला म्हणाला.

आजेलीने डोळे पुसले. खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "भाऊजी, खरं सांगू का? ती टाच..."

"ठाऊक आहे. आत मला दोन्ही ऐकू येत होतं. आधी टाच घासायची, मग तू रडायचीस."

 लार्टेने खरचटलेल्या टाचेवरून हात फिरवला.

"राहू दे ही घरात," तो म्हणाला. "फक्त मी खरंच जाईन तेव्हा ही सँडल माझ्या मागून आणा. आणि त्याच बोळातून, भिंतीला घासत आणा."