फलाट क्रमांक दोनवरची आणीबाणी

शंकरतात्या चहा पिण्याआधी कपावर दोनदा फुंकर मारायचे. चहा गार व्हावा म्हणून नव्हे, माईक चालू आहे का ते बघायला. अर्धं आयुष्य एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेलं. तोंडापुढं काहीही आलं की आधी ‘फू, फू’ आणि मग काम. भाकरीच्या घासालासुद्धा.

दुसरी खोड म्हणजे ‘नोंद घ्यावी’. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी हौसेनं त्यांच्या हातात माईक दिला. तात्यांनी पुकारलं, “वऱ्हाडी मंडळींनी नोंद घ्यावी, पंगत थोड्याच वेळात सुटेल, उशिरा येणाऱ्यांची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही.” निम्मं वऱ्हाड अक्षता हातात घेऊनच मांडवामागं पळालं.

आता माझ्याविषयी. मला दिसत नाही. लहानपणी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. हे आधीच सांगतो, कारण मधेच सांगितलं की लोकांना वाईट वाटतं आणि गोष्ट तिथंच मरते. दुसरंही सांगून टाकतो. आमच्या सगळ्या खानदानात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे ऐकून कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या.

ही नव्वदनंतरची गोष्ट. आमची वाडी निमगाव केतकीच्या आतल्या अंगाला, कॉलेज बारामतीला. मधे एका स्टँडवर मी गाडी बदलायचो. स्टँडचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं ते एस.टी.च्या कुठल्याच नियमात बसत नाही. तिथल्या केबिनमध्ये तात्या माईक घेऊन बसायचे.

तात्यांचं आयुष्यभराचं दुखणं एकच, लोक ऐकत नाहीत. त्यांनी नरडं ताणून सांगावं, “अकलूज गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे,” आणि त्याच क्षणी खिडकीशी कुणीतरी यावं, “ओ साहेब, अकलूज कुठं लागंल?”

“आत्ता काय सांगितलं मी? कान घरी ठेवून आलाय काय?”

“तसं न्हाय, पण लागंल कुठं?”

मग तात्या खिडकी आपटायचे. आमच्यासारख्या बाकड्यावरच्यांना ऐकवायचे, “माझा बाप मेंढरं राखायचा. त्यानं एक हाळी दिली की दोन माळ पल्याडची मेंढरं वळायची. आन् हितं सरकारनं कर्णा दिलाय, तरी माणूस वळंना!”

मला फलाटाच्या पाट्या दिसत नाहीत, त्यामुळं मी तात्यांचा शब्द न् शब्द ऐकायचो. एक दिवस खिडकीशी जाऊन म्हणालो, “तात्या, काल तुमी बारामती गाडी फलाट दोनला लागंल म्हणालात. ती चारला लागली. पळापळ झाली माझी.”

मला वाटलं, आता खिडकी आपटणार. तर तात्या हळूच म्हणाले, “तू ऐकलंस?”

“व्हय.”

“सबंध?”

“शेवटच्या ‘नोंद घ्यावी’पतुर.”

त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

तेव्हा मला एक माणूस हवाच होता. अंधशाळेत ब्रेल शिकलो होतो, पण कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळेनात. वर्गातली पोरं “वाचून दाखवतो की राव” म्हणायची आणि तिसऱ्या पानाला त्यांना तहान लागायची. म्हणून घरातली एक शेळी विकून टेपरेकॉर्डर आणला. आई शेवटपर्यंत त्याला शेळीच म्हणायची. “शेळी आत घे, आभाळ आलंय.” आता शेळी होती, कॅसेटा होत्या, वाचणारा नव्हता.

तात्या म्हणाले, “पुस्तक आण. दोन गाड्यांच्या मधी मी मोकळाच असतो.”

अशा रीतीनं माझं राज्यशास्त्र त्या केबिनमध्ये भरलं गेलं. बाहेरच्या माणसाला आत मनाई असल्यानं मी बाकड्यावर बसायचो. शेळीला मनाई नव्हती, ती आत जायची. तात्या पुस्तकाची किंमत वाचायचे, छापखान्याचा पत्ता वाचायचे. “पान एकशे बारा. खाली बारीक अक्षरात टीप आहे. कुणी वाचत न्हाय, पण लिहिणाऱ्यानं कष्ट घेतलेत, तवा नोंद घ्यावी.” मधेच स्वतःचं मतही द्यायचे. “हितं म्हणतात, सगळी सत्ता एकाच्या हातात नसावी. बरोबर हाय. आमच्या सुनेनं वाचायला पायजे.” घटनेच्या सरनाम्यामागं गाडीचा हॉर्न होता. आजही कुणी गंभीर आवाजात सरनामा वाचायला लागला की मी हॉर्नची वाट बघतो.

एका प्रकरणात एका फ्रेंच विचारवंताचं नाव होतं. तात्यांनी ते तीनदा उचलून पाहिलं, पेललं नाही. शेवटी “फ्रान्सचे पाहुणे” म्हणून पुढं गेले. पुढच्या पाच पानांत फ्रान्सचे पाहुणेच बोलत होते. मी पाठ केलं.

परीक्षेला मला लेखनिक मिळायचा. नियम असा की तो खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्याला आपल्या विषयातलं काही येत नसावं. या बाबतीत कॉलेजनं कधी निराश केलं नाही. माझ्या बोलण्यानं बाकीच्यांचं लक्ष जातं म्हणून आम्हाला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसवायचे. अकरावीची एक मुलगी लेखनिक होती. ती म्हणाली, “दादा, समोर बरणीत बेडूक आहे.” मी म्हटलं, “त्याला अर्धा तास जादा दिलाय का, विचार.” मला मिळाला होता, तोही तीन अर्ज करून.

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. “फ्रान्सचे पाहुणे म्हणतात की...”

“दादा, नक्की हेच लिहू?”

“पुस्तकात आहे.”

पुढं सरांनी खरं नाव सांगितलं तेव्हा मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “पाहुण्याचं नाव कुणी घेतं का? मान ठेवला मी त्याचा.” पास झालो, म्हणजे तपासणाऱ्यानंही मान ठेवला असावा.

शेवटच्या वर्षाला मात्र फास आवळला. माझ्या काकांनी माझ्यासाठी खुर्च्या विणायचं काम बघून ठेवलं होतं. आंधळ्यानं खुर्च्या विणाव्यात, असं डोळसांचं फार मत असतं. त्यांना बसायचं असतं, म्हणून असेल. वडील म्हणाले, “औंदा पास झालास तर तुझं तू बघ. न्हाय झालास, तर काका म्हणतील तसं.” मला बसणारा व्हायचं होतं, विणणारा नाही.

राज्यशास्त्राचा शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशी. भर दुपारी शेळीनं ‘खर्र’ केलं आणि आणीबाणीच्या प्रकरणाची कॅसेट चावून गिळली. पट्टीचा गुंता बाहेर आला, शेळीचाही जीव गेला. वाडीवर वाचणारं कुणी नाही, वर्गातली पोरं स्वतःच्या अभ्यासाला. पुस्तक काखेत मारून मी स्टँड गाठला.

“तात्या, आणीबाणी गेली.”

“कुठं गेली?”

“शेळीनं खाल्ली. पेपर उद्या.”

तात्यांचा जोडीदार रजेवर होता. माईक सोडून बाहेर येता येईना. खिडकीतून वाचावं तर गाड्यांचा घरघराट. मी म्हटलं, “मला आत घ्या.”

“बाहेरच्या माणसाला मनाई हाय. नियम म्हंजे नियम.” मी पुस्तक खिडकीतून आत सरकवलं. पुस्तकाची पानं चाळल्याचा आवाज आला. “बाहेरचा माणूस आत येऊ नये, असं नियमात हाय. आतलं पुस्तक बाहेर जाऊ नये, असं कुठं हाय? जा, बाकड्यावर बस.”

कर्ण्यातून “फू, फू” झालं.

“प्रवाशांनी नोंद घ्यावी. आणीबाणी.”

स्टँड चिडीचूप. मग एक म्हातारी ओरडली, “अगं बाई! कवा लागली?” पिशव्या उचलल्याचे आवाज आले. कुणीतरी म्हणालं, “परत? सकाळी रेडिओवर तर काय न्हवतं!”

“आणीबाणीचे तीन प्रकार आहेत,” तात्या गरजले. “पहिला प्रकार. युद्ध किंवा परचक्र.”

“युद्ध!” म्हातारी मटकन माझ्याशेजारी बसली.

मी तिला समजावलं, “आजी, माझा अभ्यास चाललाय.”

“एवढ्या मोठ्यानं?”

हळूहळू पिशव्या खाली टेकल्या. तात्या वाचत राहिले आणि लोक ऐकत राहिले. गाड्यांची नावं मधेच यायची, पण त्याच सुरात, त्यामुळं कुणाला वेगळी वाटेचनात. “राज्यात घटनेनुसार कारभार चालत नसल्यास राष्ट्रपती निमगाव केतकी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे.” कुणी हललं नाही. निमगाव गाडी रिकामी गेली. खिडकीशी एक जाड आवाजाचा गडी गेला आणि विचारू लागला, “साहेब, त्या राज्यपालाचं काय म्हणलात? परत सांगा की.”

तात्यांचा आवाज कर्ण्यातच अडखळला. “परत?”

“व्हय. चांगलं चाललं हुतं.”

तात्यांनी ते पान पुन्हा वाचलं. इतकं सावकाश, की मला ते आजही पाठ आहे.

रिकामी गाडी नेणाऱ्या ड्रायव्हरनं व्हायची ती तक्रार केलीच. साहेब जीपनं आले, प्रकरण संपायला दोन पानं होती. “हे काय चाललंय?” ते केबिनच्या दारातून ओरडले. माईक चालूच होता. “साहेब,” सगळ्या स्टँडनं ऐकलं, “आर्थिक आणीबाणी तेवढी राह्यलीय.”

ती पुरी करूनच तात्यांनी बटण बंद केलं.

मी बी.ए. झालो. काकांनी खुर्च्या दुसऱ्या कुणासाठी बघितल्या. पेढे आणि दुरुस्त केलेली शेळी घेऊन मी स्टँडवर गेलो, तर कर्ण्यावर भलताच आवाज. तात्यांना माईकवरून काढून मागं पार्सलच्या खोलीत बसवलं होतं. साहेबांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. गाडी खरंच रिकामी गेली होती.

खोलीत पोत्यांचा आणि गुळाचा वास होता. तात्यांनी पेढा घेतला. मी वाट बघितली. त्यांनी पेढ्यावर फुंकर मारली नाही.

“बेस झालं,” ते म्हणाले. आवाज एवढा बारीक, की मलाही कान पुढं करावा लागला.

“घरी कसं चाललंय, तात्या?”

“घरी टीव्ही बोलतो. आमी ऐकतो.” थोड्या वेळानं विचारलं, “मग आता पुस्तकं संपली म्हणायची तुजी.”

संपलीच होती. पेढे देऊन निरोप घ्यायला म्हणूनच मी आलो होतो, आणि पुढं नोकरी शोधायची असं ठरलं होतं.

“संपतात कुठं?” मी म्हणालो. “एम.ए. करतोय.”

हे मला स्वतःलाही त्याच वेळी कळलं.

“जाड असत्यात का एम.ए.ची पुस्तकं?”

“दाराला अडसर लावता येईल एवढी.”

“फुकटचा ताप,” तात्या म्हणाले आणि स्टूल पुढं ओढलं. माझ्या पिशवीत जुनंच पुस्तक होतं. तेच त्यांच्या हातात दिलं, शेळी पोत्यावर ठेवली आणि बटण दाबलं.

“फू, फू.”

मग पान उलटल्याचा आवाज. कॅसेट नुसती फिरत होती.

“ऐकतोयस न्हवं?” तात्यांनी विचारलं.

“ऐकतोय, तात्या. वाचा.”