सावलीला कुणाचीच हरकत नव्हती

सावली सार्वजनिक असते, पण झाड मात्र नेहमी कुणाच्या तरी दारात उभं राहतं. राहण्यायोग्य शहराचा सगळा प्रश्न एवढाच आहे. सोलापुरातल्या एका कॉलनीने तो कायमचा सोडवला, म्हणून ही हकिकत.

सुरुवात बसम्मापासून झाली. एप्रिलच्या एका दुपारी ती मंडईतून मेथी घेऊन नाक्यावर उतरली आणि घराकडे चालू लागली. त्या रस्त्यावर सावली पाडणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. आणि भर दुपारी तोही आपली सावली स्वतःच्या पायाशीच ठेवत असे. बसम्मा अर्ध्या वाटेत मटकन खाली बसली ती उठेना. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. उन्हात फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. (सोलापुरात हा सल्ला फेब्रुवारीत दिला की जूनपर्यंत पुरतो.) तिचा नवरा चनमल्लप्पा, एसटीतून निवृत्त झालेला कंट्रोलर, घाबरून गेला. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी स्वतःच्या हाताने पाणी न घेतलेला माणूस, पण त्या दिवशी तो तिच्या तळपायांना कांदा चोळत बसला होता.

त्याच महिन्यात ‘शाश्वत व राहण्यायोग्य प्रभाग : नागरिकांचे प्राधान्यक्रम’ या विषयावर समाजमंदिरात बैठक भरली. बैठक नळाला पाणी न येण्याच्या दिवशी ठेवली होती. (असे दिवस शोधावे लागत नाहीत.) नागरिकांनी आपापले प्राधान्यक्रम मांडले. कुणाला कॉलनीच्या तोंडाशी कमान हवी होती, कुणाला सेल्फी पॉइंट. मग चनमल्लप्पा उठला. बस सुटण्याची घोषणा करावी अशा खड्या आवाजात सुरू झाला, पण पुढं त्याला रडू फुटलं.

“आमची बाई भर रस्त्यात पडली. उद्या तुमची पडंल. झाडं लावा. दुसरं काय नगो.”

सभागृह हेलावलं. दिग्विजय या तरुण कार्यकर्त्याने डोळे पुसले आणि पुसतानाचा फोटो स्टेटसला ठेवला. ठराव एकमताने मंजूर झाला. (एक सदस्य झोपले होते. झोप ही मूकसंमती धरण्यात आली.)

ठराव मंजूर होऊन तो अंमलात आल्याचं उदाहरण दुर्मीळ, पण इथे ते घडलं. जूनमध्ये उद्यान विभागाच्या सिद्धेश्वरी मॅडम कडुलिंब, करंज आणि लोखंडी जाळ्या भरलेला टेम्पो घेऊन कॉलनीत हजर झाल्या. झाडांना विरोध कुणाचाच नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. प्रश्न फक्त जागेचा होता.

युवराजच्या दारात त्याची नवी गाडी होती. गाडीला सावली हवी, हे त्यालाही मान्य होतं. ती शेजारच्या झाडाची मिळाली असती तर सोयीचं झालं असतं. दानेश्वरीच्या साडीसेंटरचा बोर्ड फांद्यांनी झाकला असता. पुढच्या घराला वास्तूच्या दृष्टीने त्या कोपऱ्यात पोकळी लागत होती. दिग्विजयने रोपासोबत फोटो काढून घेतला, आणि पाला कोण झाडणार, हा पर्यावरणाचा मूलभूत प्रश्न उपस्थित करून समोरचं घर सुचवलं. समोरच्यांनी दिग्विजयचं सुचवलं.

असं करत करत टेम्पो चनमल्लप्पाच्या दारात आला. इथं तरी प्रश्न नाही म्हणून मॅडमनी कुदळ उतरवून घेतली. चनमल्लप्पाने फाटकाकडे पाहिलं, फाटकाशेजारच्या बोअरकडे पाहिलं, आणि मग मॅडमकडे न पाहता म्हणाला, “हितं न्हाय जमणार. मुळ्या बोअरमदी जात्यात. पलीकडं लावा की.”

बसम्मा ओसरीत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “मग मिटिंगमदी माज्या नावानं कशाला रडलासा?”

चनमल्लप्पा आत गेला आणि तहान नसताना स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी प्याला.

रोपं परत न्यायची सोय नव्हती. शेवटी मॅडमनी टेम्पो कॉलनीमागच्या रुद्रभूमीकडे, म्हणजे स्मशानाकडे वळवला. तिथल्या रहिवाशांपैकी कुणीही गाडी, बोर्ड, वास्तू किंवा बोअरचा मुद्दा काढला नाही. पाल्याबद्दल तक्रार आली नाही. सगळी रोपं एकाच दुपारी लागली.

आज पाच-सहा वर्षांनी रुद्रभूमी ही प्रभागातली सर्वांत राहण्यायोग्य जागा आहे. बाहेर डांबर वितळत असताना आत पोपट भांडतात. युवराज गाडी तिथंच लावतो. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथं वाचत बसतात. पूर्वी अंत्यविधीला आलेले लोक घाईने काढता पाय घ्यायचे, आता हलता हलत नाहीत. (मागच्या मे महिन्यात एका परक्या माणसाच्या अंत्यविधीला अख्खी कॉलनी लोटली. मयताच्या मुलाला भरून आलं.) हरित प्रभागाचं प्रमाणपत्रही मिळालं. पाहणी समितीला दुपारी तिथंच बसवलं होतं, आणि समितीने बाकीचा प्रभाग पाहण्याचा आग्रह धरला नाही.

बसम्मा उन्हाळ्यात रोज भाकरी आणि शेंगाचटणी बांधून तिकडे जाते. सावली पडू लागली त्या पहिल्या वर्षी ती एकटीच जायची. दुसऱ्या वर्षी चनमल्लप्पा मागोमाग गेला आणि थोडं अंतर ठेवून बसला. तिने बराच वेळ त्याला तसंच बसू दिलं, मग भाकरी अर्धी करून सरकवली आणि म्हणाली, “बसा. हितं तुमचं बोअर न्हाय.”

अजूनही कधी कधी एखादा उत्साही नागरिक बैठकीत उठतो आणि कॉलनीतही झाडं हवीत, असं म्हणतो. ठराव एकमताने मंजूर होतो.

वाचक हे वाचताना मान डोलवत असतील, तर त्यांनी एकदा उठून आपल्या दारासमोर काय उभं आहे ते पाहून यावं. गाडी असेल तर असू द्यावी. सावलीची सोय तुमच्यासाठीही झालेली आहे. तिथवर आपल्या पायांनी जायचं की चौघांच्या खांद्यावरून, एवढाच प्राधान्यक्रम कळवायचा आहे.