मातीतल्या आईला हात लावू नये

आई ही मातीसारखी असते, हे सर्वमान्य सत्य आहे. फरक इतकाच, की मातीचे गुडघे दुखत नाहीत.

आमच्या कलादालनात गेल्या रविवारी 'मुळं' हा प्रयोग झाला. विषय अर्थातच स्त्रीत्व, निसर्ग आणि पिढ्यांमधलं नातं. कलाकार मुलीने झाड होऊन, हात वर करून उभं राहायचं. तिच्या खऱ्या आईने कमरेपर्यंत मातीत बसायचं आणि दोघींनी नव्वद मिनिटं एकमेकींकडे नुसतं बघायचं. (त्याआधी आठ महिने आई फोनवर "एकदा येऊन जा गं" म्हणत होती, पण मुलगी या नात्याचाच अभ्यास करत असल्यामुळे तिला सवड झाली नाही.) आईचं वय एकाहत्तर. माहितीपत्रकात तिची नोंद 'साहित्य' या सदरात होती, चाळलेल्या मातीच्या खाली आणि झारीच्या वर.

मी दालनाचा व्यवस्थापक. नियम दोनच: शांतता राखावी आणि कलाकृतीला हात लावू नये.

चाळिसाव्या मिनिटाला आई म्हणाली, "अगं, पायात गोळा आलाय. उठव बाई मला."

मुलगी झाड असल्यामुळे गप्प राहिली. प्रेक्षकांत हुंदका फुटला. एका समीक्षकाने वहीत 'उठव' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग आई माझ्याकडे वळली. "अहो साहेब, खरंच दुखतंय हो. जरा हात द्या."

यावर टाळ्या पडल्या. मी नम्रपणे नियम क्रमांक दोनच्या पाटीकडे बोट दाखवलं. (व्यवस्थापकानेच नियम मोडले तर इतरांनी कोणाकडे बघायचं?) "बरं, राहू दे," असं म्हणून तिने हाका मारणंच सोडलं. हा भाग फार प्रभावी झाला.

तेवढ्यात सफाईच्या मावशी बादली घेऊन आत आल्या. त्यांनी माहितीपत्रक वाचलेलं नव्हतं. "अगं बाई, आजींना असं कोणी बसवलं?" म्हणत त्यांनी काखेत हात घालून तिला वर ओढलं, खुर्चीत बसवलं आणि त्या तिची पोटरी चोळू लागल्या. मुलीचे हात केव्हाच खाली आले होते. पण आई तोवर मावशींशी बोलण्यात रमली होती. मला त्या मुलीची दया आली.

मावशींना लेखी समज देण्यात आली आहे. चौसष्ट प्रेक्षकांपैकी अठ्ठावन्न जणांनी अभिप्रायात 'आईची आठवण आली' असं लिहिलं. (उरलेल्या सहा जणांना पेन मिळालं नाही.)

वाचकहो, कोणीतरी उठून तिला हात द्यायला हवा होता, असं तुम्हाला मघापासून वाटत असेल. आम्हा सगळ्यांनाही तेव्हा अगदी तसंच वाटत होतं, बसल्या बसल्या.